गुप्त चाखणारा आणि तेरा अनोळखी

जावयाने मागावं आणि सासऱ्याने भरभरून द्यावं, असा योग फार थोड्या सासऱ्यांच्या नशिबी असतो. माझ्या नशिबी तो बुधवारी संध्याकाळी आला आणि शनिवारी दुपारपर्यंत मी त्याची पार माती करून ठेवली.

जावईबापू आले ते बसलेच नाहीत. पाण्याचा पेला हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले, मग दाराशी गेले, दार लोटून आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाबा, एक काम होतं. पण कोणालाही कळता कामा नये."

"मला काय कळायचं नाहीये?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"आईंना कळलं तर चालेल," जावईबापू म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय?

काम ऐकायला सोपं होतं. त्यांची कंपनी दुकानांत आणि हॉटेलांत गुपचूप गिऱ्हाइकं पाठवते. त्या गिऱ्हाइकाने चारचौघांसारखं जायचं, खायचं, बघायचं आणि घरी येऊन चार पानी फॉर्म भरायचा. आमच्या चौकात मोठ्या काचांचं बर्गरचं दुकान आहे, गावोगाव शाखा असलेलं. तिथे नवे पाच स्वस्त पदार्थ सुरू झाले होते : छोटा बर्गर, बटाट्याच्या काड्या, चीज रोल, टोमॅटो सूप आणि कपातला केक. शनिवारी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान जाऊन मी ते पाचही चाखायचे होते.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. फक्त आपण तपासायला आलोय हे तिथे कोणाला समजलं, तर भेट बाद." त्यांनी पेल्यातलं पाणी उगाच हलवलं. "माझी नोकरीतली चाचणीची मुदत सोमवारी संपते, बाबा. माझ्या दोन भेटी आधीच बाद झाल्यात. एक माणूस ऐन वेळी आजारी पडला, दुसऱ्याच्या बायकोने फॉर्म शर्टासकट धुतला. आता तिसरी गेली तर कंपनीच्या मॅडम मला ठेवणार नाहीत."

मला आमच्या लेकीचं घर दिसायला लागलं. आदल्याच आठवड्यात तिने नव्या भाड्याच्या घराला पिवळे पडदे लावले होते आणि फोनवर अर्धा तास त्या पडद्यांचंच निरूपण केलं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बापू, निश्चिंत राहा. चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळलंय मी. लोकांची मृत्युपत्रं माझ्या कपाटात असायची. आत काय लिहिलंय त्याचा वारसांना कधी वाससुद्धा लागला नाही."

हे शब्दशः खरं होतं. पण ती गुपितं कपाटाने सांभाळली होती आणि कपाटाला तोंड नसतं, हा मुद्दा त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

जाताना ते फॉर्म आणि आणखी एक कागद ठेवून गेले. 'या कामाची माहिती मी कोणासही देणार नाही', आणि खाली सही. मी सही केली, वाळू दिली, लांब धरून पाहिली. कागद काही केल्या डोळ्यांना बरा दिसेना. कसा उघडाबोडका वाटत होता. जेवताना घास घशाशी अडला तेव्हा उलगडा झाला : साक्षीदार नव्हते!

आता, ज्याने उभं आयुष्य नोंदणीत घालवलं त्याला दोन साक्षीदारांशिवायचा कागद म्हणजे पाया नसलेली इमारत. एकदा एक वृद्ध गृहस्थ स्ट्रेचरवरून सही करायला आले होते, त्यांनाही मी साक्षीदार आणायला परत पाठवलं होतं. (ते पुन्हा आले, ही देवाची कृपा.) उद्या त्या मॅडमनी कागद उचलून धरला आणि म्हणाल्या, 'हा अपुरा आहे,' तर? माझ्या हलगर्जीपणाने जावयाची नोकरी जायची! मी पट्टी घेतली, खाली दोन सरळ रेघा मारल्या, 'साक्षीदार १' आणि 'साक्षीदार २' असं लिहिलं आणि जिना उतरून हेडसरांकडे गेलो.

हेडसर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. "वाचल्याशिवाय मी सही करत नाही," ते म्हणाले. बरोबरच आहे. तसं ते म्हणाले नसते तर माझाच त्यांच्यावरचा विश्वास उडाला असता. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही गुप्तहेर झालात?"

"गुप्त चाखणारा."

"तेच ते. फक्त पोट सुटतं."

दुसऱ्या साक्षीदार आमच्या समोरच्या दारातल्या. मोठ्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं नर्स होत्या. अजून सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. त्यांनी विचारलं, "कोणासही माहिती देणार नाही म्हणजे कसली माहिती देणार नाही?" आणि साक्षीदाराला आपण कशाला साक्ष आहोत हे नीट समजलेलं असावं, हा तर नोंदणीचा मूळ दंडक. तेव्हा मी दोघांनाही दिवस, वेळ, पाच पदार्थ आणि जावयाची अडचण असं सगळं सविस्तर समजावून सांगितलं आणि मी कोणालाही काहीही सांगणार नाही यावर त्यांच्या सह्या घेतल्या.

त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

गुरुवारी सकाळी तळमजल्यावरचा टेलर जिन्यात भेटला. "काका, शनिवारी सैल शर्ट घाला हो. पाच पदार्थ आहेत."

मी जिन्यात वर-खाली पाहून घेतलं. "कसले पाच पदार्थ?"

"मला काय माहीत? मला काहीच माहीत नाही," असं म्हणून त्याने डोळा मारला. डोळा मारल्यावर मनातल्या मनात माझ्या कमरेचं मापही घेतलं असावं.

शुक्रवारपर्यंत सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणालं, रिकाम्या पोटी जा. कोणी म्हणालं, भरल्या पोटी जा, म्हणजे मत निःपक्षपाती राहतं. हेडसरांनी सांगितलं की परीक्षकाने चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, आणि मला त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसवून निर्विकार चेहऱ्याने पाच बिस्किटं खायला लावली. तिसऱ्या बिस्किटाला माझ्या भुवया हलल्या म्हणून पहिल्यापासून पुन्हा सुरुवात. सिस्टरनी फॉर्म मागून घेतला (साक्षीदारापासून काय लपवायचं?) आणि तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. 'सूप पुरेसं गरम होतं का?'

"पुरेसं म्हणजे किती? हाताला गरम लागतं म्हणून कोणी ताप लिहीत नाही. आकडा लागतो." आणि त्यांनी आपला डिजिटल थर्मामीटर स्पिरिटने पुसून माझ्या खिशात घातला.

राहता राहिली वेळ. ऑर्डर दिल्यापासून ट्रे हातात येईपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहायचं होतं, पण घड्याळाकडे बघायचं नाही. त्याची तजवीज मात्र मी स्वतः केली. माझं एकशेआठ वेळा नाम घेऊन होतं त्याला साडेचार मिनिटं लागतात. भिंतीवरच्या घड्याळाशी तीनदा ताडून पाहिलं, चार सेकंदांचाही फरक नाही.

"देवाचं घड्याळ केलंत होय?" ही म्हणाली.

"देवाच्या नावाने पोरीचा संसार सावरत असेल तर देव रागावेल असं वाटत नाही मला."

यावर हिने माझा निळा शर्ट इस्त्रीला काढला. सैल होता.

शनिवारी बारा वाजून पाच मिनिटांनी मी त्या काचेच्या दारातून आत शिरलो. थंडगार हवा आणि तळणाचा वास. काउंटरवर टोपी घातलेली एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. मी शुक्रवारपासून पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं : "नव्या पाच पदार्थांपैकी प्रत्येकी एक द्या." आणि नाम सुरू केलं.

एक, दोन, तीन... छान लय लागली. एकतिसाव्याला ती मुलगी म्हणाली, "काका, सूपमध्ये मिरपूड घालू?"

उत्तर द्यावं तर मोजणी चुकणार. मी मान हलवली. त्या भरात ती उभीही हलली आणि आडवीही.

"म्हणजे घालू की नको?"

मी एक बोट वर करून तिला थांबायची खूण केली. ती बिचारी थांबली. मागे रांग थांबली. सूप थांबलं. त्रेपन्न, चौपन्न... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा जो उशीर होतोय तो दुकानाचा नसून तपासणाऱ्याचा आहे, आणि फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. "घाला," मी म्हणालो. पुढे किती झाले होते ते देवालाच ठाऊक.

ट्रे घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. बर्गरचा पहिला घास घेणार, एवढ्यात काचेचं दार उघडलं.

सर्वांत पुढे हेडसर. त्यांच्यामागे दोन-दोनच्या रांगेत आमची इमारत. सिस्टर, टेलर, टेलरची बायको, तिसऱ्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे. मी मोजले, बारा. हेडसर सरळ काउंटरवर गेले आणि कोणी काही विचारलेलं नसताना खणखणीत आवाजात म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांना आम्ही ओळखत नाही."

नंतर त्यांनी खुलासा केला की त्यांचा हेतू शुद्ध होता. एकटा माणूस पाच पदार्थ घेऊन बसला तर संशय येतो. गर्दी असली की आडोसा मिळतो. ही योजना त्यांनी शुक्रवारी गच्चीवर सर्वांना समजावून सांगितली होती. मला सांगितली नव्हती, कारण गुप्तता.

एकेक जण माझ्या टेबलावरून जायला लागला. "नमस्कार काका," टेलर म्हणाला, "तुम्हाला आज पहिल्यांदाच बघतोय." त्याच्या बायकोने ओळख नसल्याचं दाखवण्यासाठी डोक्यावरून पदर ओढला, त्यामुळे तीन टेबलांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. आणि सगळ्यांत शेवटी तेरावी अनोळखी व्यक्ती आली. ती पलीकडच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रुमाल घेतलाय का कोणी बरोबर? सॉस सांडतंय शर्टावर."

चौतीस वर्षांच्या संसारात हिच्यावर असा जीव जडला नव्हता आणि असा राग आला नव्हता. दोन्ही एकाच वेळी.

ट्रे हातात आल्यामुळे आता घड्याळाकडे बघायला हरकत नव्हती. बारा वाजून सोळा मिनिटं. अजून काही बिघडलं नव्हतं. मुलगी काउंटरवर आपल्या कामात होती. बर्गर चाखला, निर्विकार. काड्या चाखल्या, निर्विकार. रोलला एक भुवई हलली, पण ती उजवी, भिंतीच्या बाजूची. आता सूप. मी कप टेबलाखाली मांडीवर घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि थर्मामीटर आत बुडवला.

माणसाच्या तापासाठी केलेल्या त्या यंत्राने इतका ताप जन्मात पाहिला नसावा. ते किंचाळायला लागलं. थांबून थांबून नाही, एकसारखं. सगळं दुकान गप्प झालं. तळणाच्या कढईवरचा माणूससुद्धा झारा धरून उभा राहिला. मी बटण शोधत होतो, बटण सूपमध्ये होतं. आता काय करावं ते सुचेना, तेव्हा संकटात मी नेहमी जे करतो तेच केलं : डोळे मिटले आणि देवाला हाक मारली.

सिस्टरना दिसलं ते एवढंच : डोळे मिटलेला माणूस आणि ओरडणारा थर्मामीटर. अठ्ठावीस वर्षांची ड्यूटी खुर्चीतून ताडकन उठली. "बाजूला व्हा! हवा येऊ द्या!" माझं मनगट त्यांच्या मुठीत. "नाडी पळतेय! शर्टाचं बटण काढा कोणीतरी!" टेलरने काढलं. नुसतं काढलं नाही, तोडलं. तिसऱ्या मजल्याने मेनूकार्डांनी वारा घालायला सुरुवात केली. ही ओरडली, "अहो! अहो, डोळे उघडा!" आणि या कोलाहलात हेडसर दोन्ही हात वर करून बजावत होते, "शांत राहा! आपण यांना ओळखत नाही, हे कोणीही विसरू नका!"

मी डोळे उघडले. समोर काउंटरवरची मुलगी पाण्याचा पेला घेऊन उभी.

"काका, बरं वाटतंय ना?"

"मी अगदी बरा आहे," मी म्हणालो. "मी साधं गिऱ्हाईक आहे." हे तिने विचारलेलंच नव्हतं.

"हो काका," ती म्हणाली, इतक्या मायेने की माझी लेकच बोलतेय असं वाटावं. "पाणी प्या. मी दुसरं गरम सूप आणून देते. तापमानाचा प्रश्न तिसरा असतो ना? म्हणजे तुमचा राहायला नको."

मी खिसा चाचपला, पण फॉर्म तर घरीच होता.

घरी येऊन फॉर्म भरायला बसलो. पहिली तीन पानं सरळ भरली. चौथ्या पानावर शेवटचा प्रश्न : 'भेटीदरम्यान आपली ओळख उघड झाली का? हो / नाही. हो असल्यास कोणास?' आणि उत्तराला एक बारीक ओळ.

पेन तिथेच थांबलं. ही शेजारी येऊन बसली. प्रश्न वाचला आणि हळूच म्हणाली, "नाहीवर खूण करा. त्या मुलीने काही कोणाला सांगायचं नाही. चांगली आहे ती."

"मला माहीत आहे ना पण."

"तुम्हाला माहीत असून काय होणार आहे?"

"हा कागद आहे ग. उद्या कोणीतरी तो खरा समजून वाचणार."

"आणि आपली पोरगी?"

मी पेनाला टोपण लावलं आणि परत काढलं. आयुष्यभर पुढच्या रांगेत बसून कथा-कीर्तनं ऐकली. सत्याची परीक्षा आली की बुवांचा आवाज कसा चढतो, समोरची मंडळी कशी डोळे पुसतात. पण त्यात कुठल्या राजाच्या जावयाची चाचणीची मुदत सोमवारी संपत नव्हती. मी 'हो'वर खूण केली. एका ओळीत नावं मावेनात म्हणून लिहिलं, 'काउंटरवरची मुलगी; बाकीचे सोबत पुरवणी अ', आणि तेरा जणांची यादी जोडली, मजल्यांसह. मी साधं गिऱ्हाईक असल्याचं खोटं सांगितलं तेही नोंदवलं. तेवढ्यात हेडसर आले. दुकानात बसून प्रत्येकाने पदार्थांवर जे मत दिलं ते त्यांनी उत्तरपत्रिकेसारखं तपासून लाल शाईने लिहून आणलं होतं. तेही घडलेलंच असल्यामुळे पुरवणी ब म्हणून लावलं.

रविवारी जावईबापू आले. उभ्या उभ्या फॉर्म वाचला. शेवटच्या पानावर आले आणि त्यांचे कानच आधी लाल झाले.

"बाबा... नुसती 'नाही'वर खूण करायची होती हो."

"बापू, मला आलं नाही करता."

त्यांनी फॉर्म दुमडला, पिशवीत घातला आणि गेले. हिने ठेवलेला चहा तसाच राहिला. त्यावर साय धरेपर्यंत आम्ही दोघं त्या कपाकडे बघत बसलो.

सोमवारी साडेअकराला फोन आला. मॅडमनी मला बोलावलं होतं, मला.

त्यांचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर जावईबापू बसले होते, माझ्याकडे न बघता सरकून जागा केली. आत गेल्यावर मी बसायच्या आधीच बोलून घेतलं : "मॅडम, चूक सगळी माझी आहे. साक्षीदार मी घेतले. जावयांनी सांगितलं नव्हतं. मुलाला काढू नका."

"बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्यासमोर पुरवणी ब उघडी होती. त्या वाचायला लागल्या. "'बर्गर : हुशार आहे, पण आळशी. काड्या : सुरुवात उत्तम, नंतर लक्ष राहत नाही. रोल : संगत वाईट. सूप : मिठाने अभ्यास अजिबात केलेला नाही. कपातला केक : वर्गात पहिला, पालकांनी भेटावं.' हे कोणी लिहिलंय?"

"हेडसरांनी. पुरवणी अ मधले पहिले."

त्यांनी पान उलटलं. चेहरा अगदी निर्विकार. हेडसरांनी पैकीच्या पैकी दिले असते. "तीन वर्षांत चारशे फॉर्म आले माझ्याकडे. चारशेंमध्ये शेवटच्या प्रश्नाला 'नाही'. मीही विश्वास ठेवत आले. तुमचा वाचला आणि आज सकाळी त्या दुकानात फोन करून त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, आम्हाला नेहमीच कळतं मॅडम, कोणीतरी विसरलेला फॉर्म वाचून प्रश्नसुद्धा पाठ झालेत. एकटं माणूस येतं, सगळं नवं मागवतं आणि गरम सूप प्यायचं सोडून त्याच्याकडे बघत बसतं. त्यांना आम्ही जरा जास्तच चांगलं वाढतो." त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "म्हणजे चारशे फॉर्म रद्दीत. खरं लिहिलेला एकच."

मी खुर्चीच्या कडेला सरकलो. "मग... मुलाचं?"

"तो राहतोय. कायम. कागद बदलून न देता जसाच्या तसा माझ्यापुढे ठेवला त्याने, ते मी विसरणार नाही." मी हात जोडले. कोणाला जोडले ते त्यांनी विचारलं नाही. "आणि मला तुमची इमारत हवी आहे. एकटं माणूस ओळखू येतं. पण अशी घरची मंडळी गोंगाट करत आली, भांडली, एकमेकांच्या ताटातलं खाल्लं, तर कोणाला संशय येणार? पुरवणी अ मधले तेराही जण. दर शनिवारी."

"जरूर, मॅडम! मी स्वतः सगळ्यांना..."

"तुम्ही नाही," त्या घाईघाईने म्हणाल्या. "काका, राग मानू नका. तुम्ही फार भले आहात. पण हे काम गुप्त असतं."

आता दर शनिवारी दुपारी आमची इमारत ओस पडते. हेडसर लाल पेन खिशाला लावून निघतात, सिस्टर पर्स घेतात, टेलर दुकानाचं शटर ओढतो. परवा ही आरशासमोर उभी राहून केस नीट करत होती. मी वर्तमानपत्राआडून अगदी सहज विचारलं, "आज कुठल्या बाजूला?"

"सांगता येत नाही."

"अगं, चौतीस वर्षांचा नवरा आहे मी तुझा."

"सही केलीय मी," ही म्हणाली, बाहेर गेली आणि दार हळूच ओढून घेतलं.

संध्याकाळी परत आली तेव्हा ओठाच्या कोपऱ्याला चॉकलेट लागलेलं होतं. चेहरा मात्र इतका निर्विकार होता की मी तासभर बघत बसलो, तरी एक भुवई हलली नाही.